पहिल्या चिठ्ठीतली चूक

अकोला,
गुरुवार, ता. १६ नोव्हेंबर १९३९

ती. सौ. वहिनीस,
गोदाचा सा. न. वि. वि. मी येथे खुशाल आहे. घरची खुशाली अशीच कळवत जावी.

तुमचे पत्र भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हातात पडले. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला सणाची रजा नाही, म्हणून मी दवाखान्याच्या गच्चीवरून चंद्राला ओवाळले आणि दादाची ओवाळणी त्याच्याकडे बाकी ठेवली. तुमचे अक्षर पाहून माझी खोलीसोबतीण विचारत होती की तुमच्या घरी कोण मास्तर आहे. मी सांगितले की चुलीपुढच्या राखेत बोटाने अक्षरे गिरवायला मीच शिकवलेली माझी वहिनी आहे. तिचा विश्वास बसला नाही. तुम्ही फुगून जाऊ नका.

बाबा संत्री उतरवताना शिडीवरून घसरले हे वाचून जीव थोडा थोडा झाला. पण मांडी दुखते आणि तरी ते चालतात, म्हणजे हाड मोडलेले नाही. हा मुका मार आहे. अशी दुखणी मी इथे रोज पाहते. तिळाचे तेल कोमट करून दोन वेळा चोळावे, विटेचा शेक द्यावा, आणि पाय आखडलाच तर शालिकरामजींकडून ओढून घ्यावा. ते दोन पिढ्यांपासून गावाची हाडे बसवत आहेत.

यापुढे शिडीवर दादाने चढावे. बाबा त्याला चढू देत नाहीत ते फांदी हलून मोडेल आणि पुढचा फुलोरा बुडेल या भीतीने, हे मला ठाऊक आहे. मी सहा वर्षांची असताना वेणीत माळायला संत्र्याची पाच फुले तोडली, तर पाठीत धपाटा घालून म्हणाले होते की पाच संत्री खाल्लीस. अजून तो वास आला की पाठ हुळहुळते.

हे पत्र नेहमीसारखे संध्याकाळी विकायचे हार गुंफताना सगळ्यांना वाचून दाखवा. मायला साष्टांग नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

तुमची
गोदा

*

वडाळी, अमरावती,
ता. २७ नोव्हेंबर १९३९

चि. गोदास,
लीलाचे अनेक आशीर्वाद. आमी सारे ठीक, मामाजीचं तेवढं सोडून.

लेकीची चिठ्ठी म्हणून मामाजीनं तीनदा वाचून घेतली. एकदा आमच्यासाठी, एकदा शालिकरामजी आले तेव्हा त्याइच्यासाठी, अन् एकदा शेजारच्या जानरावले मुद्दाम बलावून. जानरावचा पोरगा तिसरीत नापास झाला न, म्हणून. हा अकोल्याच्या सरकारी दवाखान्याचा कागद आहे असं सांगून राहिले होते. आता ती चिठ्ठी देवाच्या पितळी डब्यात आहे. मी म्हटलं देवाले जागा राहू द्या, तर आत्याबाई, तुही माय, माह्यावरच चिडल्या.

तू लिहिलं तसंच चालू आहे, एक ओळ इकडची तिकडे नाई. पण गोदाबाई, फरक पडून नाई राहिला. दिवसा काठी घेऊन बागेत जातात, अन् आडवं झालं की कण्हतात. आता उजव्या बरगडीतबी चमक निघते. शालिकरामजी म्हणतात, वात फिरून राहिला. चोळून नस मोकळी करायची अन् १३ तारखेच्या बुधवारी पाय ओढून बसवायचा. दोन माणसं धरायले लागतील म्हणे. मामाजी म्हणाले, नवा गोऱ्हा पयल्यांदा जुंपतानाबी एकच माणूस लागते, माह्यासाठी दोन काहून? सारे हसले. मले काही हसू आलं नाई.

तुले काय वाटते ते लिहिजो. जिवाले जपजो, अन् आमाले इसरू नको.

तुही वहिनी
लीला

*

अकोला,
रविवार, ता. ३ डिसेंबर १९३९

ती. सौ. वहिनीस,
गोदाचा सा. न. वि. वि. हे पत्र मोठ्याने वाचू नका. फक्त तुम्ही वाचा आणि तांदळाच्या डब्यात खाली ठेवा.

काल आमच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर गंगूबाई म्हणून एक बाई आल्या. चार महिने पाठ दुखते. गावी वात म्हणून पाठीवर डागण्या दिल्या आहेत, त्यांचे व्रण मी पुसून घेतले. डॉक्टरीणबाईंनी पाठीचे मणके बोटाने हळूच ठोकून पाहिले आणि मग नळी छातीला लावली. पाठ दुखते आणि छाती कशाला तपासतात ते मला कळेना. त्या बराच वेळ एकाच जागी ऐकत राहिल्या. मग छातीचा क्ष-किरणांचा फोटो काढला. फुप्फुसात गाठ निघाली.

नंतर मी धीर करून त्यांना विचारले. त्या म्हणाल्या की उतारवयात हाड उगीच दुखू लागले, पडून राहूनही आराम पडेना, एका जागेचे दुखणे दुसऱ्या जागी निघाले आणि माणूस वाळू लागले, तर हाडापाशी थांबू नये. रोगाचे घर दुसरीकडे असते आणि तो रक्तातून हाडात उतरलेला असतो. पुष्कळदा ते घर फुप्फुसात सापडते, आणि छातीची तक्रार माणसाने कधी केलेलीच नसते. असे हाड आतून पोखरलेले असते. त्याला ओढले, पिळले तर ते मोडते.

माझ्या हातात औषधांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला.

वहिनी, मी पहिल्या पत्रात न पाहता, न विचारता लिहिले. मला फक्त मुका मार पाहून ठाऊक होता, म्हणून बाबांनाही मुका मारच झाला. कदाचित आताही मी चुकत असेन, आणि तसे असले तर मी देवाला नारळ वाढवीन. पण मला खरे खरे कळवा. शिडीवरून पडण्याआधी पाय दुखत होता का? खोकला आहे का, आणि थुंकीत कधी लाल दिसले का? अंगावरचे मांस उतरले आहे का? त्यांच्या बोटांची टोके नीट पाहा, फुप्फुसाच्या रोगात ती फुगतात; ती पूर्वीसारखीच आहेत का? तुमचे उत्तर येईपर्यंत चोळणे बंद ठेवा, आणि पाय तर कोणालाही ओढू देऊ नका.

माझ्यावर रागावा, पण उत्तर लगेच लिहा. एवढा लोभ करावा.

तुमची
गोदा

*

वडाळी,
रविवार, ता. १० डिसेंबर १९३९

चि. गोदास,
लीलाचे आशीर्वाद. लग्नाचे हार होते, दोन दिवस सुई हातातून सुटली नाई, म्हणून उशीर झाला. 

तू विचारलं ते सारं पाहिलं. खोकला पोळ्यापासून आहे. तीस वर्षं चिलीम ओढते तो माणूस खोकलीनच, असं आमी धरून चाललो. लाल मी नाई पाहिलं, पण आत्याबाईले आडून विचारलं तर म्हणाल्या, उपरण्याले डाग होते, पानाचे समजून धुतले. मामाजी पान खातात काय गोदा? कधी खातात?

मांसाचं विचारलं. परवा त्याइले आंघोळीचं पाणी देताना कमरेचा करदोडा पाहिला. जुन्या गाठीच्या आत एक नवी गाठ, अन् तिच्या आत आणखी एक. दोनदा आवळला त्यानं, कोणाले सांगतलं नाई. बोटांची टोकं फुगून बोंडासारखी गोल झाली, नखं वरून वाकली. आमी रोज त्या हातात ताट देऊन राहिलो अन् पाहिलं नाई.

अन् पडण्याचं. मी म्हटलं, मामाजी, तुमी तर माकडावानी चढता, त्या दिवशी कसे घसरले? तर म्हणाले, पाय आधीपासूनच दुखे, मोटेवरून उतरताना कळ मारे. त्या दिवशी शिडीवर कळ आली अन् पाय सुटला. म्हणजे पडले म्हणून दुखलं नाई गोदा. दुखत होतं म्हणून पडले.

मी सांगतलं, गोदा पाय ओढू नका म्हणते. तर डबा आणाले लावला, तुही पयली चिठ्ठी काढाले लावली, अन् ती ओळ माह्याकडूनच वाचून घेतली, की पाय आखडलाच तर शालिकरामजींकडून ओढून घ्यावा. म्हणाले, हे माह्या लेकीनं लिवलं, तू कोणत्या दवाखान्यात शिकली? आता मी काय करू? तुही दुसरी चिठ्ठी वाचून दाखवली तर त्यात त्या बाईच्या फुप्फुसाचं आहे. नाई दाखवली तर मी खोटी. तुह्या दादाले सांगतलं, तर ते आपला खांदा दाखवून बाहेर गेले. लहानपणी त्याइचा खांदा शालिकरामजीनंच बसवला होता.

बुधवारी सकाळी शालिकरामजी येतील. तेल गरम करायचं मलेच सांगतलं आहे. लौकर काही कर बाई.

तुही
लीला

*

अकोला,
मंगळवार, ता. १२ डिसेंबर १९३९

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. तुमचे पत्र दुपारी मिळाले. आत्ताच तारऑफिसातून परत आले आहे. दादाच्या नावाने तार केली आहे: पाय ओढू देऊ नका, पत्र येते, गोदा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावे लागले. मी बाबूकडून एकेक अक्षर तीनदा तपासून घेतले.

तार पाहून माय घाबरेल हे मला कळते. पण पत्र गुरुवारी पोचेल आणि शालिकरामजी बुधवारी येतील. मेट्रनबाईंकडे रजा मागितली, ती मिळाली नाही. त्यांचाही दोष नाही, निम्म्या मुली तापाने पडल्या आहेत.

हे पत्र मात्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, जानरावांनाही बोलवा. मी, पुंजारामजींची मुलगी गोदा, पहिल्या चिठ्ठीत चुकले. पाय चोळा आणि ओढा हे मी चूक लिहिले. ती चिठ्ठी डब्यातून काढून चुलीत घालावी. ती दवाखान्याचा कागद नव्हती.

उद्या सकाळी तार वेळेवर पोचली असे तुमचे पत्र येईपर्यंत मला जेवण जाणार नाही. नाहीतर कसे होईल ते मला लिहवत नाही.

तुमची
गोदा

*

वडाळी,
गुरुवार, ता. १४ डिसेंबर १९३९

चि. गोदास,
लीलाचे आशीर्वाद. आधी जेव, मंग वाच. पाय ओढला नाई.

काल सकाळी शालिकरामजीनं मामाजीले अंगणात घोंगडीवर निजवलं. तुह्या दादानं खांदे धरले, जानरावनं दुसरा पाय. शालिकरामजीनं घोट्याले धोतराचा पट्टा गुंडाळला, माह्या हातून तेलाची वाटी घेतली, तेवढ्यात फाटकात तारवाला उभा. अकोल्याची तार म्हणाला. बस. आत्याबाईनं पुढचं ऐकलंच नाई. माही गोदा गेली वो माय, म्हणून जो हंबरडा फोडला, की चार घरच्या बाया धावत आल्या अन् दारातूनच गळे काढले.

शालिकरामजीनं वाटी खाली ठेवली, पट्टा सोडला अन् हात धुतले. म्हणाले, सुतक लागलेल्या घरी मी हाडाले हात लावत नाई, माह्या बापानंबी कधी लावला नाई, तेराव्यानंतर पाहू. अन् चालले गेले! मी तर तारवाल्याच्या पायाच पडणार होती.

पण मामाजी, गोदा. ते घोंगडीवरून उठाले पाहून राहिले होते. काठी नाई, काही नाई, मले अकोल्याले जाऊ द्या म्हणत होते. तुह्या दादानं अन् जानरावनं दाबून धरलं. मी ओरडून सांगतलं की तार उघडा तरी आधी. मंग इंग्रजी वाचणारे चंद्रभान मास्तर आले. त्यानं वाचली, पुन्हा वाचली, अन् म्हणाले, पोरगी जिवंत आहे, पाय ओढू नका म्हणते.

आत्याबाई रडता रडता तुले शिव्या देऊ लागल्या. मामाजीनं तार मागून हातात घेतली. मंग म्हणाले, जिवंत आहे न? मंग आता ती सांगन ते करा.

आज तुही चिठ्ठी आली, ती जानरावसमोर वाचली. पयली चिठ्ठी जाळायले मामाजीनं साफ नाई म्हटलं. आता पुढं काय ते सांग.

तुही
लीला

*

अकोला,
शनिवार, ता. १६ डिसेंबर १९३९

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि. मी जेवले. माझी सोबतीण म्हणते की मी भाकरी खाताना रडत होते, पण ते खरे नाही, तिखट जास्त होते.

आता बाबांनी त्या पायावर भार देऊ नये. मांडीच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावून, मध्ये जुनी लुगडी घालून सैल बांधा, आणि बाजेसकट छकड्यात ठेवून अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात न्या. छकडा पायी चालल्यासारखा हाकावा. सोबत डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी ठेवली आहे, ती तेथे द्यावी. मांडीचा फोटो ते काढतीलच, पण छातीचाही काढा असा हट्ट दादाने धरावा. पाय दुखतो आणि छाती कशाला, असे कोणी म्हटले तर चिठ्ठी पुढे करावी आणि हलू नये.

मी रोज मनात ठरवते की माझेच चुकले असेल. तसे व्हावे. कळवण्याचा लोभ असावा.

तुमची
गोदा

*

वडाळी,
शनिवार, ता. ३० डिसेंबर १९३९

चि. गोदास,
लीलाचे आशीर्वाद. तू चुकली नाई.

मांडीच्या फोटोत हाडाले उंदरानं कुरतडल्यासारखी जागा दिसते. डॉक्टरांनी तुह्या दादाले बोट ठेवून दाखवली अन् म्हणाले, एक हिसका बसला असता तर हाडाचे दोन तुकडे झाले असते, मंग हा माणूस उरलेले दिवस ओरडतच काढता. बरगडीतबी तसंच. छातीत उजवीकडे लिंबाएवढी सावली आहे. रोग तिथला, बाकी सारं तिथूनच आलं. दुखणं कमी व्हायले गोळ्या दिल्या. बरं करायचं औषध नाई म्हणाले. तुहे दादा परत येताना सारी वाट छकड्यामागं पायी चालले, मामाजीले तोंड दिसू नये म्हणून.

घरात आमी सारे वात म्हणून राहिलो. मामाजी ऐकून घेतात. आज मले म्हणाले, कागद घे, मी सांगतो तसं लिव, आपल्या मनानं एक अक्षर घालू नको. ते असं:

गोदाले बापाचा आशीर्वाद. इथं सारे मले वात सांगून राहिले. तुहा दादा भगवंत मले पाहून बैलाशी बोलते, म्हणून मी समजलो. तूच एक आहे जी आपली चूक आपल्या हातानं जानरावपुढं वाचाले लावते, म्हणून तुलेच विचारतो. आंब्या बहारासाठी बागेचं पाणी तोडलं आहे, झाडं ताणावर आहेत. संक्रांतीनंतर ताण तोडून पाणी सोडाचं. मंग फूल येईन. फळ पुढच्या दिवाळीले. यातलं मी काय काय पाहीन, ते लिव. भगवंतले कोणत्या झाडाचं काय सांगाचं ते मले त्या हिशेबानं सांगता येईन. लीला एकटी मले वाचून दाखवीन. बाकी कोणी नाई.

एवढं सांगून ते भिंतीकडे तोंड करून निजले. मी एक अक्षर घातलं नाई.

तुही
लीला

*

अकोला,
बुधवार, ता. ३ जानेवारी १९४०

तीर्थस्वरूप बाबांचे चरणी,
बालक गोदाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहीत आहे. पहिल्या तीन कागदांवर देवाच्या मनात असेल तर, असे लिहिले होते. ते फाडले, कारण तुम्ही देवाचे विचारले नाही.

दुखणे वाताचे नाही. ते छातीतून हाडात आले आहे आणि ते बरे होत नाही. मुंबईला विजेचा शेक देऊन कळ कमी करतात, पण रोग जात नाही, आणि या पायाने तो प्रवास तुम्हाला झेपणार नाही असे डॉक्टरीणबाई म्हणतात. मलाही तसेच वाटते. गोळ्या मात्र वेळेवर घ्या. कळ सोसण्यात काही मोठेपणा नाही.

ताण तुम्ही तोडाल. मला संक्रांतीला आठ दिवसांची रजा मिळाली आहे. आपण दोघे बाजेवर बसून पाणी पहिल्या आळ्यात शिरताना पाहू. फूल तुम्ही पाहाल. डॉक्टरीणबाईंना मी दोनदा विचारले, त्या दोन्ही वेळा हो म्हणाल्या.

फळ दादा उतरवील. त्याला शिडी लावायला तुम्ही आत्ताच शिकवा, आणि फांदी हलली तरी रागावू नका.

बाबा, पहिल्या चिठ्ठीत मी जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असल्यासारखे लिहिले. या चिठ्ठीत ठाऊक आहे तेवढेच लिहिले आहे. तुमचा हात माझ्या माथ्यावर असू द्यावा.

आपली
गोदा

*

वडाळी,
रविवार, ता. १८ फेब्रुवारी १९४०

चि. गोदास,
लीलाचे अनेक आशीर्वाद.

संक्रांतीची रजा संपून तू गेल्यापासून मामाजी दोन घास जेवतात, जास्त नाई. गोळी घेतली की दुपार बरी जाते. तुही जानेवारीची चिठ्ठी त्यानं पयल्या चिठ्ठीवर ठेवाले लावली, त्याच डब्यात. ती वाचून झाली त्या दिवसापासून रोज तुह्या दादाले एकेका झाडापाशी उभं करतात अन् बाजेवरून ओरडतात, याले शेण कमी, त्याची खालची फांदी छाट. आवाज बसला आहे, तरी ओरडतात. तुहे दादा आता बैलाशी नाई, बापाशी बोलतात.

फूल आलं. परवा सकाळी साऱ्या बागेत एकदम वास सुटला. आमी बाज उचलून विहिरीजवळच्या झाडाखाली नेली. मामाजी बराच वेळ वर पाहत राहिले. मंग तुह्या दादाले म्हणाले, फांदी वाकव. त्याले वाटलं वास घ्यायचा असन. तर त्यानं त्या फुगलेल्या बोटांनी एक फूल तोडलं. मंग दुसरं. उभ्या जन्मात त्यानं कोणाले एक कळी तोडू दिली नाई. पाच तोडली, मोजून, अन् माह्या ओंजळीत दिली. म्हणाले, गोदाच्या चिठ्ठीत घाल. तिले लिव, बापानं धपाटा वापस घेतला.

फुलं आत आहेत. पोचेपर्यंत सुकतीन, वास राहीन.

तुही वहिनी
लीला